लातूरची तहान

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन १० वॅगनची गाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी आलं, पुढं वॅगन ५० झाल्या. त्याआधीच मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावं लागलं होतं. शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं.

पाऊस घटला होता हे खरंच. मराठवाड्यात २०१४ मध्ये सरासरीपेक्षा ४२ टक्के आणि २०१५ मध्ये ४० टक्के कमी पाऊस झाला. सह्याद्री ओलांडताना ढग आपलं बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. पलीकडच्या मुलखाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यात २०१५ हे एल निनोचं वर्ष होतं. पण १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं सांगतात, तेव्हा धान्य नव्हतं, विहिरींना मात्र पाणी होतं. लोक सुकडी खाऊन दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. २०१६ मध्ये रेशनवर धान्य मिळत होतं आणि घागर रिकामी होती. दोन दुष्काळांमधला हा फरक आभाळानं केलेला नाही.

तो जमिनीखाली झाला. इथला काळा पाषाण वाळूसारखं पाणी साठवत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. जुनी विहीर तेवढंच पाणी उपसायची आणि पावसाळ्यात पुन्हा भरायची. बोअरनं ही मर्यादा मोडली. बोअरच्या गाडीचा हातोडा खडकात उतरतो, करडा धुरळा उडत राहतो, आणि शेतकरी त्या धुरळ्याचा चिखल कधी होतो याकडं डोळे लावून बसतो. २०० फुटांवर नाही लागलं तर ५००, मग ८००. खोल भेगांतलं पाणी मुरायला फार काळ लागतो, उपसायला एक हंगाम पुरतो. भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. पण कर्ज काढून लावलेला ऊस वाळताना दिसला की कायदा कोण वाचणार?

उसाचं नाव घेतलं की राग येतो, तरीही घ्यायलाच हवं. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम ४ टक्क्यांवर ऊस असतो आणि सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी तो पितो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं म्हटलं आहे. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. हमखास खरेदी आणि ठरलेला भाव दुसऱ्या कुठल्या पिकाला मिळतो?

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरला बंदी घातली. पावसाळा सरला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसं, मग जनावरं, आणि उरलेल्या पाण्यावर पिकं ठरतात. एका गावाला हे साधतं. लातूरसाठी असा ताळेबंद मांडायचा तर पाटोद्याच्या डोंगरात, मांजरा उगम पावते तिथपासून मांडावा लागेल. त्यात बीड, धाराशिव आणि लातूर या तिन्ही जिल्ह्यांची गावं, शहरं आणि साखर कारखाने एकत्र बसवावे लागतील. तेही धरण भरलेलं असताना.