आजीच्या साडीची गोधडी आज घरी शिवता येईल का? आणि प्रवासात त्यासाठी काय बघायचं?

रंगीबेरंगी तुकडे, हातशिलाईच्या सरळ रांगा आणि खाली हमखास एक कमेंट, 'आमच्या आजीकडे अशीच होती.' गोधडीचा कुठलाही रील उघडा, साधारण हेच दिसतं. पण ती शिवायची कशी, हे दाखवणारं माणूस अनेक घरांत आता उरलेलं नाही. जुन्या कपड्यांचा ढीग मात्र प्रत्येक कपाटात आहे. मग अडतं कुठे?

गोधडी म्हणजे नेमकं काय?

गोधडीला तीन भाग असतात. खाली अखंड अस्तर, मध्ये जुन्या कापडाचे थर आणि वर तुकडे जोडून केलेला दर्शनी भाग. हे सगळं धावदोऱ्याने एकत्र शिवलं की झाली गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच वाकळ म्हणतात. बाळासाठी केलेलं छोटं, मऊ रूप म्हणजे दुपटं.

मधल्या थरांसाठी सर्वात चांगलं कापड म्हणजे जुनेर, म्हणजे वापरून मऊ झालेली सुती साडी. यामागे साधं गणित आहे. नऊवारी साडी सुमारे 8.2 मीटर लांब असते. तिच्या चार घड्या घातल्या की सुमारे 2 मीटर लांबीचा चौपदरी थर तयार होतो. रुंदीला साडीचा पन्हा असतोच. म्हणजे कात्री न लावता एका माणसाच्या मापाचं पांघरूण मिळतं. अशा दोन साड्या शेजारी जोडल्या की दोघांची सोय होते.

मग आताच्या साड्यांची का होत नाही?

कारण कापड बदललं. सुती नऊवारीची जागा आधी पाचवारीने आणि मग सिंथेटिक साड्यांनी घेतली. सिंथेटिक कापड घाम शोषत नाही. त्याचे थर एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे शिलाई वाकडी जाते. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं. पॉलिस्टर तसं होत नाही.

म्हणून गोधडी करायची ठरवलं तर पहिलं काम शिलाईचं नसून निवडीचं आहे. सुती साड्या, धोतर, जुन्या चादरी, सुती कुर्ते, शर्ट, ओढण्या बाजूला काढा. ताणणारे टी-शर्ट आणि लेगिंग्ज पहिल्या गोधडीत नकोत. जीन्सचं कापड चालतं, पण त्याचे अनेक थर हातसुईने टोचताना बोटं दुखतात. ते वरच्या भागात थोडंसं वापरा.

एखादी साडी सिंथेटिक आहे, पण ती आजीची आहे म्हणून हवीच असेल तर? तिचे छोटे तुकडे दर्शनी भागात लावा. मधले थर मात्र सुतीच ठेवा.

घरी शिवायची कशी?

1. सगळे कपडे आधी धुवा. नवीन कापड असेल तर हे टाळूच नका, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. रंग जातो का, हे बघायला ओलं पांढरं फडकं त्यावर घासून पाहा.
2. विरलेला, फाटका भाग कापून टाका. बटणं, चेन, जाड शिवणी काढा.
3. जमिनीवर अस्तर ताणून पसरा. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. त्यावर साड्यांचे थर एकेक करून, सुरकुत्या काढत अंथरा.
4. वरचे तुकडे मांडा आणि लगेच शिवू नका. उभं राहून, थोडं लांबून बघा. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढलात तर गडद-फिक्याचा तोल लगेच कळतो.
5. सगळे थर मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्या. ही पायरी गाळली तर मध्ये हमखास फुगवटा येतो.
6. जाड सुती दोरा आणि लांब सुई घ्या. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्या घालत मध्यापर्यंत जा. दोन रांगांत बोटभर अंतर ठेवा. बोटात अंगुस्तान घाला.

रोज तासभर बसलं तरी मोठ्या गोधडीला कित्येक आठवडे लागतात. पूर्वी चार बाजूंना चार जणी बसायच्या, म्हणून ती लवकर व्हायची.

प्रवासात काय बघायचं?

चिंध्यांचं काय करायचं, हा प्रश्न जगभरच्या घरांत होता. प्रत्येक ठिकाणी त्याचं उत्तर वेगळं निघालं. फिरताना नुसती नक्षी बघण्यापेक्षा शिलाई कुठून सुरू झाली, कोपरे कसे बंद केले, कापड कुठून आलं, हे बघितलं तर जास्त हाती लागतं.

दांडेलीला जंगल बघायला महाराष्ट्रातून भरपूर लोक जातात. त्याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले अनेक आफ्रिकी लोक तिथून निसटून या जंगलांत आले. आजच्या सिद्दींमध्ये त्यांचे वंशज आहेत. इथल्या बायका शिवतात ती कवंदी. त्यात आधी तुकडे जोडून मग शिलाई, असं होत नाही. अस्तराच्या कडेवर तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची आणि थेट धावदोरा घालत फेऱ्या मारत मध्याकडे जायचं. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी होतं. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या छोट्या तुकड्यांचा 'फुला' लावला की कवंदी पूर्ण झाली. घरी पहिल्यांदा शिवणाऱ्यांना ही पद्धत सोपी जाते, कारण तुकडे मापात कापावे लागत नाहीत.

कच्छ, बाडमेर, जैसलमेरकडे रल्ली दिसते. तिथे कापडाची घडी घालून, कात्रीने नक्षी कापून ती दुसऱ्या रंगाच्या कापडावर शिवतात. बंगालच्या कांथात थर पातळ असतात आणि टाक्यांनीच चित्रं काढतात. त्यासाठी रंगीत दोरा पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढायचे. बिहारची सुजनीही जुन्या कापडातूनच आली.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावातल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांची पांघरुणं केली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि 2006 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यावर तिकिटं काढली.

कल्पना फक्त कापडातच सापडते असंही नाही. कोकणातल्या जुन्या घरांची फरशी, मालवणच्या किनाऱ्यावरच्या होड्यांचे रंग, घाटातून दिसणारी भातखाचरं, सगळ्यांत चौकोन आणि पट्टे आहेत. फोटो काढा आणि त्यातले तीनच रंग निवडा. जमलं तर त्या गावातून हातभर सुती कापड आणा. पुढे तो तुकडा गोधडीत बघितला की सहल आठवते.

फोटो काढून हुबेहूब तसंच शिवलं तर?

घरच्या वापरासाठी पद्धत शिकायला हरकत नाही. पण कवंदीची नक्कल करून ती विकायची आणि सिद्दींचं नावही घ्यायचं नाही, यात त्या बायकांच्या हातचं काम जातं. फोटो काढण्याआधी विचारा, शक्य असेल तर विकत घ्या आणि पोस्ट टाकताना कुठली पद्धत, कुणाची, हे लिहा. भाव करताना त्यामागचे आठवडेही मोजा.

सुरुवात कुठून करायची?

एकदम डबल बेडची गोधडी काढू नका. मीटरभर लांब-रुंद दुपटं किंवा बसायचं आसन करा. दोन-तीन थर पुरे. टाके वाकडे आले तरी धुतल्यावर फारसे जाणवत नाहीत.

आणि घरात आजी, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही गोधडी शिवलेली असेल, तर व्हिडिओ शोधण्याआधी त्यांच्यासमोर कापड पसरा. सुई कशी धरायची, दोरा किती लांब घ्यायचा, कोपऱ्यावर कसं वळायचं, हे त्यांच्या हाताकडे बघून पटकन कळतं. कपाटातल्या सुती साड्या भांडीवालीला देण्याआधी एकदा त्यांना विचारा.