हीम ऑक्सिजनेज-१ प्रतिपिंड

हीम ऑक्सिजनेज-१ प्रतिपिंड हे हीम ऑक्सिजनेज-१ या विकराशी नेमकेपणाने जोडले जाणारे आणि पेशींत किंवा ऊतींत त्याचे अस्तित्व दाखवून देणारे प्रयोगशाळेतील साधन आहे. हे विकर हीमोग्लोबिनमधील हीम या लोहयुक्त घटकाचे विघटन करते. प्रतिपिंडाचा उपयोग मुख्यतः संशोधनात होतो. तथापि या विकराच्या जन्मजात अभावाचे निदान करण्यासही त्याचे साहाय्य झालेले आहे.

विकराचे कार्य

तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जीर्ण झालेल्या पेशी प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी गिळतात आणि त्यांतील हीम सुटे होते. मोकळे हीम पेशींना अपायकारक असते. हीम ऑक्सिजनेज हीमचे वलय उघडते व त्यापासून बिलिव्हर्डिन हे हिरवे रंगद्रव्य, लोह आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. बिलिव्हर्डिनचे पुढे दुसऱ्या एका विकरामुळे पिवळ्या बिलिरुबिनमध्ये रूपांतर होते. मुका मार लागल्यावर पडलेला काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट व नंतर पिवळसर दिसतो, तो याच क्रियांमुळे. या विकराचे वर्णन टेन्हुनेन, मार्व्हर व श्मिड या संशोधकांनी १९६८ मध्ये केले.

विकराची दोन रूपे आहेत. हीम ऑक्सिजनेज-२ मेंदू व वृषण यांत विशेषकरून आढळते व त्याचे प्रमाण बव्हंशी स्थिर राहते. हीम ऑक्सिजनेज-१ मात्र हीम, जड धातू, उष्णता, दाह अशा ताणाच्या प्रसंगी झपाट्याने वाढते. मानवात त्याचे जनुक २२व्या गुणसूत्रावर आहे.

प्रतिपिंडाची निर्मिती

विकराचा शुद्ध अंश किंवा त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीचा कृत्रिम रीतीने बनवलेला तुकडा प्राण्याला टोचल्यास त्याच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण होतात. सशाच्या रक्तद्रवातून मिळणारी प्रतिपिंडे सामान्यतः बहुक्लोनी, म्हणजे विकराच्या अनेक भागांना ओळखणारी असतात. एकाच भागाला ओळखणारी एकक्लोनी प्रतिपिंडे बनविण्याची पद्धत कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये विकसित केली. दोन्ही रूपांच्या रचनेत साम्य असल्याने केवळ पहिल्या रूपालाच ओळखणारे प्रतिपिंड निवडणे आवश्यक ठरते.

वापर

वेस्टर्न ब्लॉट पद्धतीत प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून पटलावर उतरवितात व त्यावर प्रतिपिंड सोडतात. हीम ऑक्सिजनेज-१ चा पट्टा सुमारे ३२ किलोडाल्टनच्या जागी उमटतो; दुसऱ्या रूपाचा पट्टा सुमारे ३६ किलोडाल्टनला असतो. ऊतींच्या पातळ कापांवर प्रतिपिंड वापरल्यास विकर कोणत्या पेशींत आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. फ्लो सायटोमेट्रीने एकेका रक्तपेशीतील विकर तपासता येते.

निष्कर्षाची मर्यादा

प्रतिपिंड विकराचे अस्तित्व दाखविते, त्याची क्रियाशीलता नव्हे. टिन प्रोटोपॉर्फिरिन हे संयुग दिल्यास विकराचे प्रमाण वाढते, पण त्याचे कार्य रोखले जाते. अशा वेळी पट्टा ठळक दिसला तरी हीमचे विघटन मंदावलेले असते. म्हणून क्रियाशीलता जाणून घ्यायची असल्यास तयार होणारे बिलिरुबिन स्वतंत्रपणे मोजावे लागते. तसेच हे विकर अनेक प्रकारच्या ताणांत वाढत असल्याने केवळ त्याच्या वाढीवरून विशिष्ट रोगाचे निदान करता येत नाही. चाचणीसोबत हीम देऊन विकर वाढविलेल्या पेशींचा आणि जनुक काढून टाकलेल्या पेशींचा नमुना ठेवल्यास चुकीचा पट्टा ओळखता येतो.

निदानातील महत्त्व

१९९९ मध्ये जपानमधील याची व सहकाऱ्यांनी या विकराचा जन्मजात अभाव असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. मानवातील ही पहिली नोंद होय. त्याच्या रक्तपेशींचा नाश होत असूनही बिलिरुबिन वाढलेले नव्हते. त्याच्या पेशींत प्रतिपिंडाला विकर सापडले नाही आणि जनुकात दोष आढळला. २०११ मध्ये भारतातील १५ वर्षांच्या मुलीत हाच विकार असल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले; तिला जन्मतः प्लीहा नव्हती. रक्तनाश होत असताना कावीळ न दिसणे हे अशा दुर्मीळ विकाराचे सूचक ठरू शकते.

विदर्भाच्या संदर्भात

वाशिम जिल्हा ज्या विदर्भात मोडतो, तेथे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या रुग्णांच्या तांबड्या पेशी सुमारे १० ते २० दिवसांतच नष्ट होत असल्याने मोठ्या प्रमाणावर हीम सुटते. डोळ्यांत दिसणारा पिवळेपणा त्याच्या विघटनाचाच परिणाम असतो. सिकलसेल असलेल्या उंदरांत हीम ऑक्सिजनेज-१ वाढविल्यास रक्तवाहिन्या तुंबण्याचे प्रमाण घटते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अशा अभ्यासांत हे प्रतिपिंड उपयोगी पडते. परंतु सिकलसेलचे निदान त्याने होत नाही. त्यासाठी प्राथमिक तपासणी म्हणून विद्राव्यता चाचणी आणि खात्रीसाठी हीमोग्लोबिनचे विद्युत्संचारण किंवा एचपीएलसी या चाचण्याच करतात. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून व्यापक तपासणी हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे.