पाटीवर ‘इको’, आवारात फ्लडलाइट

गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात तलावाकाठच्या वनविश्रामगृहांत वीज नसायची, तरी लोक हौसेने मुक्कामाला जायचे. म्हणजे काळोख हेच तिथलं आकर्षण होतं, आणि तेही फुकटचं! मग जंगलालगतच्या रिसॉर्टला रात्रभर फ्लडलाइट कशाला हवेत? कुणी म्हणेल, मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, एसीशिवाय पाहुणा टिकेल कसा? मुद्दा रास्त आहे. पण आधी सिमेंटचा स्लॅब तापू द्यायचा आणि मग तो एसीने थंड करत बसायचं, यापेक्षा मातीची जाड भिंत, कवेलूचं छप्पर आणि ऐसपैस पडवी बांधली, तर एसीवरचा भार बराच उतरतो.

पाण्याचं गणित तर याहून सोपं. याच जिल्ह्यातला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. उताराचं पाणी अडवून धान पिकवणाऱ्या या मुलखात बोअर मारून स्विमिंग पूल भरणं शोभत नाही. पूल नसला तर गिऱ्हाईक आणि रोजगार जाईल, ही भीती फोल आहे. इथे माणसं येतात ती वाघ आणि सारस बघायला. पाटीवरचं ‘इको’ खरं आहे का, हे पारखायला पुढच्या वेळी बुकिंग करताना एवढंच विचारा: सांडपाणी कुठे सोडता, बागेत की नाल्यात?