आमच्याकडे मोटार होती!

प्रत्येक घराला एक वैभवशाली भूतकाळ असतो. कुणाच्या पणजोबांच्या दारी हत्ती झुलत असतो, तर कुणाच्या वाड्यात मोहरांचा हंडा पुरलेला असतो. आमच्या वाट्याला हत्तीही आला नाही आणि हंडाही नाही. आमच्याकडे म्हणे मोटार होती, तीही साधीसुधी नव्हे, रोल्स-रॉइस! पुरावा म्हणून चिचगडच्या घरी आत्याच्या खोलीत एक फोटो टांगलेला आहे. त्यात एक भलीमोठी उघडी मोटार आहे आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून कोटातले माझे आजोबा उभे आहेत.

देवरीहून जंगलातल्या रस्त्याने गेले की चिचगड लागते. गाव जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता सारखा बदलत गेला. पूर्वी मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यातली ही एक जमीनदारी. १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या. १९५६ साली गाव मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आणि १९९९ साली नव्या गोंदिया जिल्ह्यात. एवढ्या उलथापालथीत आमची रोल्स तेवढी अढळ होती. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने फोटो पाहिला आणि विचारले, "बाबा, ही रोल्सच कशावरून?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मोटारीतले मला काडीचे कळत नाही. पण एखादी जुनी पोथी हाती आली आणि तिच्यावर ना कर्त्याचे नाव, ना शक, तर काय करायचे हे मला ठाऊक आहे. अक्षराचे वळण न्याहाळायचे आणि काळ ठाऊक असलेल्या दुसऱ्या पोथ्यांशी ते ताडून पाहायचे. तोच उद्योग मी भिंग घेऊन ओसरीवर मांडला. मुलगा मोबाइलवर जुन्या मोटारींची चित्रे काढून देऊ लागला.

मोटारीचे अक्षर म्हणजे तिचा रेडिएटर. त्या काळी उंची मोटारींचा वरचा सांगाडा पुष्कळदा वेगळेच कारागीर, गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बनवीत. त्यामुळे अंगावरून ओळख पटणे कठीण. ती नाकावरून पटते. रोल्सचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, वर त्रिकोणी माथा असलेला. डेमलरच्या माथ्यावर पन्हळी. आमच्या फोटोत यांतले काहीच नव्हते. माथा मधोमध सपाट आणि दोन्ही बाजूंना खांद्यांसारखा वळून उतरलेला.

आत्या मागून डोकावली. म्हणाली, "हे तर बैलाचं जू दिसते रे बाबू!"

गंमत अशी की, मोटारींचे शौकीन या आकाराला खरोखरच बैलाचे जू म्हणतात! ही खूण अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटारीची. चाकाच्या मध्यावर षट्‌कोनही सापडला; तोही पॅकार्डचाच. पुढच्या चाकांना ब्रेकचे डबे दिसत होते, आणि पॅकार्डने चारही चाकांना ब्रेक दिले ते १९२३ साली. मडगार्डच्या कडा मात्र उघड्या होत्या. त्या झाकण्याची रीत १९३२ नंतर रुळली. म्हणजे मोटार या दोन सालांमधली. रोल्स गेली म्हणून हळहळण्याचे कारण नव्हते. पॅकार्डही संस्थानिकांच्या मोटारखान्यात मानाने उभी असे. १९५८ नंतर मात्र ती निघालीच नाही.

पण चाकावरचे भिंग सहज वर सरकले आणि आजोबांच्या डाव्या हाताशी थांबले. त्या हातात फडके होते. कोटाला दोन्ही बाजूंनी चकचकीत बटणांच्या रांगा. हा मालकाचा कोट नव्हता.

मी दोन दिवस गप्प राहिलो. शेवटी धीर करून म्हणालो, "आत्या, आजोबा मालक नव्हते गं. ड्रायव्हर होते."

"मला काय सांगतोस? मोटार शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांची. बाबा ती चालवत."

"मग 'आमच्याकडे मोटार होती' असं का सांगत आलात?"

"त्यात खोटं काय? रात्रभर आपल्याच अंगणात उभी राहायची, बाबाच सांगायचे." आत्या हसली. मग हलकेच म्हणाली, "तुझ्या बापासाठी मुली पाहात होतो ना, तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा तसं बोलून गेलं. बाबा तिथंच बसले होते. बोलले नाहीत काही. मग आम्ही तरी काय बोलणार?"

पॅकार्डची एक जाहिरात फार गाजलेली होती. मोटार कशी आहे, हे जिच्या मालकाला विचारा, असा तिचा रोख. आम्हीही पिढ्यान्‌पिढ्या मालकच शोधत बसलो. पण त्या मोटारीची खडान्‌खडा माहिती ज्याला होती, तो बॉनेटवर हात ठेवून समोरच उभा होता. त्याला कुणी विचारलेच नाही. उलट त्याचा धंदा त्याच्यादेखत पुसून टाकला.

मी फोटो चौकटीतून काढला. आत्याने सांगितले तसे मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहिले. आधी आजोबांचे पूर्ण नाव, त्यापुढे 'ड्रायव्हर', आणि त्याखाली 'मोटार पॅकार्ड'. आत्याने वाचून पाहिले आणि फोटो पुन्हा पहिल्याच खिळ्याला लावायला सांगितला.

दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही भिंतीवरचे फोटो खाली उतरले असतील. ते परत टांगण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा, पेन्सिल घ्या आणि विचारा. मोटारीचे नाव भिंगाने पुढेही सापडेल. तिच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे मात्र आजच लिहून ठेवा.