रोगाला मदत झाडाचीच

मिरचीवर विषाणूची चाचणी घेण्याची रीत साधी आहे. रोगट पान बफरमध्ये वाटायचे, निरोगी पानावर कार्बोरंडमची पूड भुरभुरायची आणि त्या रसाने पान बोटाने हलकेच चोळायचे. पुडीमुळे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांतून विषाणू आत शिरतो. मग पान धुऊन टाकायचे. दोन-तीन आठवड्यांनी एका वाणाचा शेंडा पिवळट चट्ट्यांनी भरलेला, आक्रसलेला दिसतो. शेजारच्या कुंडीतला दुसरा वाण मात्र ठणठणीत. तो विषाणूशी लढला, असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा तो लढलेला नसतोच, त्याने फक्त मदत नाकारलेली असते.

बटाट्याचा वाय विषाणू मिरचीवरही येतो. सुमारे 10 हजार अक्षरांचा आरएनए आणि त्यातून निघणारी दहा-अकरा प्रथिने, एवढाच त्याचा संसार. प्रथिने बनवण्याची यंत्रणा त्याच्याजवळ नाही. ती पेशीचीच वापरावी लागते. पेशीच्या आरएनएच्या टोकाला एक टोपी असते आणि ती धरण्याचे काम ईआयएफ-4ई हे प्रथिन करते. विषाणूच्या टोकाला टोपीऐवजी व्हीपीजी नावाचे त्याचे स्वतःचे प्रथिन असते, आणि ते नेमके याच ईआयएफ-4ईला जाऊन बिलगते. पैदासकारांनी मिरचीत वर्षानुवर्षे वापरलेले पीव्हीआर-2 हे प्रतिकारक जनुक म्हणजे ईआयएफ-4ईचेच किंचित बदललेले रूप, हे 2002 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले. हा प्रतिकार अप्रभावी वारशाचा आहे. आईबापांपैकी एकाकडून जरी जुने रूप आले, तरी विषाणूचे काम भागते. लढणारी जनुके बहुधा अशी वागत नाहीत. त्यांची एकच प्रत पुरते.

पेशीलाही लागणारे ईआयएफ-4ईचे जनुक काढले तर झाड मरेल, ही शंका रास्त आहे. पण झाडात या प्रथिनाचे जुळे भावंड असते आणि विषाणू बहुधा दोघांतले एकच निवडतो. इस्रायलमध्ये 2016 साली काकडीतले ईआयएफ-4ई क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी केले. झाडे वाढली आणि पपईच्या रिंगस्पॉट विषाणूलाही बधली नाहीत. दोन्ही भावंडे एकदम काढणे मात्र झाडाला झेपत नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: विषाणू बदलतो. युरोपात बार्लीचा याच जातीचा प्रतिकार पिवळ्या मोझॅइक विषाणूच्या नव्या प्रकाराने मोडला. मिरचीतही प्रतिकार मोडणाऱ्या विषाणूंत बदल सापडतो तो व्हीपीजीमध्येच. म्हणजे आक्षेप खरा, पण तोच मूळ मुद्द्याचा पुरावाही आहे. एकाच जनुकावर विसंबू नये, एवढेच त्यातून निघते.

खानदेशातल्या पपईवर रिंगस्पॉट येतो तो माव्यामुळे. मावा रोगट झाडावरून उठून क्षणभर सोंड टोचतो आणि काम होऊन जाते, त्यामुळे फवारणी हमखास उशिरा पडते. काकडीतले यश पपईला आयते लागू होणार नाही. तरीही परके डीएनए नसलेल्या जनुक-संपादित वाणांना भारत सरकारने 2022 मध्ये कडक नियमांतून सूट दिली आहे. पपईच्या पैदासकारांनी आता झाडाच्या याच जनुकांना हात घालावा.