घोड्याच्या खुराचे संसर्ग : उपचार आणि खबरदारी

थ्रश : खुराच्या तळाशी जो त्रिकोणी, रबरासारखा लवचिक भाग असतो, त्याच्या खाचांत लीद, मूत्र आणि चिखल साचून हवेचा संचार खुंटला, म्हणजे प्राणवायूविना वाढणारे जंतू, विशेषतः फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम, तेथील ऊतींचा नाश करू लागतात. काळसर चिकट स्राव व कुजकट दुर्गंधी ही त्याची लक्षणे होत; प्रारंभी घोडा लंगडतोच असे नाही.

खुरातील गळू : खिळ्याच्या जखमेतून वा भेगेतून जंतू शिरून पू कोंडतो. काल नीट चालणारा घोडा आज पाय टेकेनासा होतो, खूर ऊन लागतो. पशुवैद्याने पुवाला वाट करून दिली, की वेदना बहुधा लवकर शमते.

लॅमिनायटिस : हा खुराच्या आतील ऊतींचा दाह, जंतुसंसर्ग नव्हे; म्हणून त्याचे उपचारही निराळे.

उपचार : थ्रशमध्ये मृत भाग नालबंदाने किंवा पशुवैद्याने कापून काढावा, खाचा स्वच्छ व कोरड्या करून सौम्य आयोडिनचा बोळा बसवावा, जिवंत ऊती जाळणारी तीव्र द्रावणे वर्ज्य. खुराच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताला घोडा अत्यंत लवकर बळी पडतो, म्हणून लसीकरणात दिरंगाई नको.

प्रतिबंध : मोतद्दाराने रोज खूर टाचेकडून टोकाकडे खरवडावेत, तबेल्याची जमीन कोरडी असावी. माथेरानसारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी हा बंदोबस्त पावसाळ्यात विशेष अगत्याचा.

नालबंदी : साधारणपणे दर ६ ते ८ आठवड्यांनी. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो. टोकाकडील भिंत पूर्ण नवी होण्यास सुमारे एक वर्ष लागते.