विहिरीवरील पंप आणि विजेची वारंवारता

वाई तालुक्यात कृष्णाकाठी ऊस व हळद भिजविणारा शेतकरी पंपाचे पाणी कमी पडले की व्होल्टेजला दोष देतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु दाबाखेरीज विजेस आणखी एक गुण आहे, तो म्हणजे वारंवारता. आपल्या देशात ती सेकंदास ५० आवर्तने अशी ठरविलेली असून पंपाची मोटर तिच्याच मापाने फिरते. वारंवारता ५० वरून ४९ वर आल्यास मोटरची गती शेकडा २ ने घटते आणि पाणी चढविण्याची उंची शेकडा सुमारे ४ ने कमी होते. खोल विहिरीवर हा फरक लहान नव्हे.

वारंवारता का घटते, हे खळ्यावरून समजेल. तिवड्याभोवती पातीला बांधलेले बैल एका चालीने फिरतात. कणसे एकदम जास्त टाकली, अथवा एखादा बैल सुटला, तर सर्वांचीच चाल मंदावते. सन २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे जोडले गेल्यापासून देशातील मोठी जनित्रे अशीच एका चालीने फिरत आहेत. त्यामुळे दाब गावोगाव निराळा असला, तरी वाईची आणि पंजाबची वारंवारता एकच असते.

चाल मंदावताच जनित्रावरील गतिनियंत्रक काही सेकंदांत पाण्याची वा वाफेची झडप अधिक उघडतो. पुढे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडून निवडक केंद्रांस दर ४ सेकंदांनी संदेश जातात. थंड पडलेले औष्णिक केंद्र चालू करण्यास कित्येक तास लागतात. १९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पातील यंत्रे मात्र काही मिनिटांत भार उचलतात. अर्थात या सोयीचे मोल पाण्याने द्यावे लागते. कोयनेचे पश्चिमेस वळविलेले पाणी वाशिष्ठीतून समुद्रास मिळते, कृष्णेत परत येत नाही. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षास ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली आहे.

आता सौरवीज वाढत आहे. सौरपटलांत फिरणारे जड चाक नसल्याने भर दुपारी तूट आली तर वारंवारता अधिक झपाट्याने घसरते. रात्री योग्य ठरलेली नियंत्रकाची मांडणी दुपारी अपुरी पडते. म्हणून जाळ्याची स्थिती मोजून आपली मांडणी स्वतःच बदलणारे अनुकूली नियंत्रक तयार होत आहेत.

इतके करूनही घसरण न थांबल्यास वाहिन्या आपोआप तोडल्या जातात. ३१ जुलै २०१२ रोजी अतिभाराने जाळे दुभंगले असता उत्तर व पूर्व भारतात हा उपाय अपुरा पडला आणि तो सर्व प्रदेश अंधारात गेला. पश्चिमेचे जाळे वाचले.

वीज परत येताच ऑटो स्विचमुळे शेकडो पंप एकाच क्षणी सुरू होतात. असे अनेक वाहिन्यांवर एकाच वेळी घडल्यास तो भार वारंवारतेसही जाणवतो. गावातील दाब तर तत्काळ कोसळतो आणि मोटर जळते. याकरिता ऑटोस विलंबयंत्र जोडून घ्यावे. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपापसांत क्रम ठरवून काही मिनिटांच्या अंतराने पंप चालू करावेत. हा क्रम लावून देण्याचे काम ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पुढाकाराने करावे. कपॅसिटर अवश्य बसवावा. त्याने दाब सुधारतो, वारंवारता नव्हे.